बसलं तर उठायचं कसं

विमा कंपनीचं पत्र आलं तेव्हा धाकटी जेवणाच्या टेबलाशी बसून मटार सोलत होती. नवऱ्याने पाकीट उभ्याउभ्याच फोडलं, मनातल्या मनात एकदा वाचलं आणि मग तिला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचायला घेतलं.

"सदर विमाधारक घरात विनाआधार वावरतात. पाहणीच्या संपूर्ण वेळात त्या उभ्या होत्या आणि त्यांनी स्वतः चहा करून आणला. सबब, आसन वर-खाली होणारी विजेची खुर्ची ही त्यांच्यासाठी सोय आहे, वैद्यकीय गरज नव्हे. दावा नामंजूर."

त्याने कागद खाली केला. "चहा. तू त्या माणसाला चहा करून दिलास?"

"घरी आलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही?"

"विचारायचा. मला घरी थांबवून घ्यायचंस, मी केला असता."

"तुमच्या हातचा चहा प्यायला असता तर त्यालाच विम्याचा दावा करावा लागला असता," धाकटी म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

नवरा एरवी हसला असता. आज हसला नाही.

तीन बहिणींत ती शेवटची म्हणून धाकटी. पन्नाशी उलटली, कानशिलांवरचे केस पांढरे झाले, तरी नाव तेच राहिलं. लग्नानंतर नवऱ्याने उचललं, मग ती काम करायची त्या लॅबनेही. लॅब म्हणजे दातांची. दंतवैद्य माप पाठवायचे आणि तिथे कवळ्या तयार व्हायच्या. मेणावर दात बसवायचं काम धाकटीचं. पेशंटचा जुना फोटो समोर ठेवून ती एकेक दात असा बसवायची, की कवळी घातल्यावर घरचे म्हणायचे, हे तर पूर्वीसारखंच हसायला लागले.

बोटं अजून तशीच होती. बाकी अंगाने मात्र दगा द्यायला सुरुवात केली होती. स्नायूंचा आजार. मांड्या, कंबर, खांदे असे मोठे स्नायू आधी पकडतो आणि सावकाश, घाई न करता, एकेक करून निकामी करतो. औषध नाही. सपाट जमिनीवर धाकटी अजून थोडं चालायची, भिंतीला हात लावत. खरी पंचाईत उठण्याची होती. खुर्ची उंच असली, समोर टेबल असलं, तर अंग पुढे टाकायचं, टेबलाला रेटायचं, मग तळवे आपल्याच मांड्यांवर चढवत चढवत सरळ व्हायचं. आपल्याच अंगाची शिडी करून आपणच वर चढायचं. पण सोफ्यासारखं काही खोलगट, मऊ असलं की संपलं. त्यात बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. साधी ढकलायची चाकाची खुर्चीही उपयोगाची नव्हती. बसल्यावर उठता येणार नाही ते नाहीच, वर चाकं फिरवायला खांदे कुठून आणायचे?

म्हणून डॉक्टरांनी लिहून दिली होती ती मोटरवर चालणारी खुर्ची, जिचं आसन बटण दाबलं की माणसाला घेऊन वर येतं. आणि म्हणून कंपनीचा माणूस पाहणीला आला होता.

तो येणार त्या दिवशी धाकटीने काय करावं? इस्त्रीचे कपडे घातले. चालताना धरायची वॉकरची चौकट आतल्या खोलीत लपवली, संडासातली उंच बैठक काढून पलंगाखाली सरकवली. परक्या माणसाने घरात येऊन आपल्याला केविलवाणं बघावं, हे तिला सोसवणारं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं सगळ्या आयुष्याचं धोरण. माणूस आला, सोफ्यावर बसला. धाकटी हसतमुखाने भिंतीला टेकून उभी राहिली, चहा करून आणला, परत उभी राहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. हिने पाय दाखवून सुलक्षण केलं आणि तेच नडलं.

पत्राचं कळताच थोरल्या बहिणीचा त्याच दिवशी फोन आला. थोरलीने आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापिकेची खुर्ची सांभाळलेली. फोनवरही तिच्यासमोर उभं असल्यासारखंच वाटायचं.

"धाकटे, तू मूर्ख आहेस का?"

"असेन."

"रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. आणि तू विमा कंपनीसमोर हसत उभी राहिलीस."

"ताई, मला नाही जमत ते रडणं. नाही म्हणाले ना, जाऊ दे. अजून चालते आहे मी."

"चालते आहेस म्हणजे काय करते आहेस ते मला माहीत आहे. भाऊजींना फोन दे."

नवऱ्याने फोन घेतला आणि दोघं बराच वेळ तिच्याविषयी बोलत राहिले, ती तिथे नसल्यासारखे. नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या माणसाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. सगळी नोकरी त्या ब्रेकवर पाय ठेवून झाल्यामुळे घरातही त्याचा पाय तसाच तयार असायचा. धाकटी जरा वाकली की हा उठला, जरा हलली की हा धावला. फेरविचारासाठी अर्ज करायचा, वकील गाठायचा, वर्तमानपत्रात द्यायचं, असं सगळं त्याने त्या एका फोनवर ठरवून टाकलं. धाकटी मटार घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिच्या मते प्रकरण संपलं होतं.

ते संपलं नाही, त्याला कारण झाली दवाखान्यातली एक बाई.

तिमाही तपासणीसाठी ती मोठ्या दवाखान्यात गेली होती. नवरा तिला दारात सोडून गाडी लावायला गेला. आत जागा नव्हती, आणि धाकटी नेहमीप्रमाणे खांबाला टेकून उभी राहिली. तेवढ्यात एक प्रेमळ बाई उठली. "या, बसा इथे."

"नको, बरी आहे मी."

"अहो, बसा हो. तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय." असं म्हणून बाईने तिचा दंड धरला आणि तिला बसवलंच. ठेंगणं, मऊ गादीचं बाकडं. धाकटी त्यात गेली आणि तिला कळलं, आता सुटका नाही. बाई मात्र पुण्य पदरात पाडून निघून गेली.

तिचा पुकारा झाला. धाकटीने पुढे झुकून पाहिलं. मांड्यांनी दादच दिली नाही. काउंटरवरची मुलगी बघत होती. धाकटी शेजारच्या म्हाताऱ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, तुम्ही जा आधी. मला घाई नाही." आजोबा आशीर्वाद देऊन गेले. पुन्हा पुकारा झाला. तिने एका लेकुरवाळीला पाठवलं. मग प्लास्टर घातलेल्या एका तरुणाला. मग एका नवराबायकोला, ज्यांना काहीच झालेलं दिसत नव्हतं. हळूहळू खोली रिकामी होत गेली आणि धाकटी राणीसारखी बसून एकेकाला आत सोडत राहिली.

शेवटी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत हो हल्ली."

नवऱ्याला गाडी लावायला जागाच मिळत नव्हती, तो रस्त्यांवर फेऱ्या मारत राहिला होता. तो आला, त्याने बघितलं, काहीही न विचारता तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. आत डॉक्टरांची निघायची वेळ झाली होती. त्यांनी तिला उभ्याउभ्याच तपासलं.

गाडी घराशी आल्यावर ती म्हणाली, "त्या मुलीला वाटलं मी उदार आहे."

"कुणाला?"

"मला उठता येत नव्हतं आणि तिला वाटलं मी उदार आहे. त्या चहावाल्याला वाटलं मी ठणठणीत आहे." तिने सीटबेल्ट सोडवला. "लोकांना काय कळणार हो? मीच कळू देत नाही. तो फेरविचाराचा अर्ज करायचाय ना, करा. पण वकील नको. आणि बोलायचं ते मी बोलेन."

नवऱ्याने मान हलवली. वर्तमानपत्राचा विषय त्याने गिळून टाकला.

अर्जासोबत हालचाली तपासणाऱ्या थेरपिस्टचा नवा अहवाल लागत होता. ही थेरपिस्ट तरुण होती आणि प्रश्न विचारून गप्प बसायची तिला सवय होती. "घरी बघून काय कळणार?" ती म्हणाली. "मी तुमच्याबरोबर लॅबमध्ये येते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तुम्ही माझ्यासाठी काही वेगळं करायचं नाही. लपवायचंही नाही."

"सगळ्यांसमोर?"

"तुम्ही रोज सगळ्यांसमोरच काम करता ना?"

ते खरं नव्हतं. ती रोज सगळ्यांच्या आधी यायची. दाराशी एक पायरी होती. ती कशी चढते हे कुणी बघू नये म्हणून मालकांकडून किल्लीच मागून घेतली होती. सगळे यायच्या आत ती आपल्या जागी बसलेली असायची, आणि सगळे गेल्यावरच उठायची. लॅबमध्ये तिची ख्याती होती, की धाकटी एकदा कामाला बसली की ढिम्म हलत नाही.

त्या दिवशी थेरपिस्ट पायरीशी तिच्याबरोबर होती. धाकटीने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली, एक पाय वर टाकला, आणि मग पोटाने, हनुवटीने, जसं जमेल तसं स्वतःला आत ओढलं. थेरपिस्टने मदत केली नाही. नंतर स्टूलवर बसून तिने सगळा दिवस पाहिला. मेण तापवणं, दात बसवणं, कवळीचा साचा उंच कट्ट्यावरच्या भट्टीत ठेवायला धाकटी दर वेळी कुणाला तरी कशी गोड बोलून पाठवते ते. "अरे, उठतोच आहेस तर एवढं ठेव रे." तिथले सगळे तिच्यासाठी उठतच असायचे, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दुपार टळल्यावर थेरपिस्टने हळूच म्हटलं, "तुमची बाटली सकाळपासून भरलेलीच आहे."

"हो."

"तहान लागत नाही?"

धाकटीने मेणाची सुरी पुसली. "लागते. पण पाणी प्यायलं की जावं लागतं. तिथलं भांडं बुटकं आहे. एकदा अडकले होते. सफाईवाल्या बाईने सोडवलं."

"म्हणजे दिवसभर..."

"हे लिहू नकोस. बाकी सगळं लिही. हे नको. घरी माहीत नाही." गेल्या वर्षी तिला मूत्रपिंडाचा संसर्ग होऊन ताप चढला होता, दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. नवऱ्याने तेव्हा घरातला पाण्याचा फिल्टर बदलला होता. तिने बदलू दिला होता.

थेरपिस्टने लिहिलं नाही. जाताना एवढंच म्हणाली, "तुम्ही काय काय करू शकता ते त्यांनी पाहिलं. ते करण्यासाठी काय काय सोडता, ते कुणीच पाहिलेलं नाही."

फेरविचाराची बैठक कंपनीच्या कार्यालयात होती. लिफ्ट होती, त्यामुळे वर जायचा प्रश्न नव्हता. धाकटी वॉकरची चौकट उघडपणे घेऊन आली होती, आणि अहवाल देणारी थेरपिस्टही बरोबर होती. नवरा एक पाऊल मागे, हात अर्धवट पुढे केलेला, पण तिने ताकीद दिली होती, की मी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही.

खोलीत लांब टेबलापलीकडे तिघं होती. मधोमध चष्मा लावलेल्या एक अध्यक्ष बाई, त्यांच्या उजवीकडे एक वयस्कर डॉक्टर, आणि टोकाला तो पाहणी करणारा माणूस. त्याने धाकटीला ओळखून नमस्कार केला. अलीकडे पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. ऐसपैस, गुबगुबीत, पार जमिनीलगत.

"या, बसा," अध्यक्ष बाई म्हणाल्या.

धाकटीच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलंच होतं. नको, बरी आहे मी. सगळं आयुष्य तिने ते वाक्य रुमालासारखं हाताशी ठेवलं होतं. तिने चौकट घट्ट धरली.

"यात बसले तर मला उठता येणार नाही," ती म्हणाली. "उंच खुर्ची मिळेल का? हात टेकायला काही असलेली."

एवढंच बोलायचं होतं. आभाळ कोसळलं नाही. अध्यक्ष बाईंनी शिपायाला पाठवलं, शिपाई थोडा वेळ इकडेतिकडे शोधून हिशेबनिसाची उंच खुर्ची ढकलत घेऊन आला, आणि धाकटी बसली. कुणी हसलं नाही, कुणी हळहळलं नाही. खुर्ची मागितली, खुर्ची मिळाली.

डॉक्टरांनी अहवाल उलटला. "तुम्ही घरात चालता. हे बरोबर?"

"थोडं. भिंत धरून."

"आणि आमचे साहेब आले होते तेव्हा तुम्ही पूर्ण वेळ उभ्या होतात."

"होते."

"ज्याला उभं राहायला त्रास होतो, तो माणूस संधी मिळताच बसतो. निदान माझा अनुभव असा आहे."

"मला उभं राहायला त्रास होत नाही, साहेब. मला उठायला त्रास होतो. समोर सोफा होता. बसले असते तर तुमच्या साहेबांना मला ओढून काढावं लागलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असता, बाई नाटक करतात. म्हणून उभी राहिले. पाय थरथरत होते, म्हणून भिंतीला टेकले होते. साहेबांना आठवत असेल."

सगळ्यांनी टोकाच्या माणसाकडे पाहिलं. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याने घसा साफ केला. "भिंतीला टेकल्या होत्या, हे खरं आहे. मला वाटलं, घरातल्या बाईमाणसाची सवय. पाहुण्याशी बोलताना काही जणी उभ्याच राहतात, माझी आईही राहायची." मग म्हणाला, "कप आणताना त्यांनी ट्रे घेतला नव्हता. एका हातात कप, दुसरा हात सतत कशाला तरी लावलेला. ते मी लिहायला हवं होतं. तेव्हा ते महत्त्वाचं वाटलं नाही."

"चूक माझीही आहे," धाकटी म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून मी घर आवरलं होतं. ही चौकटसुद्धा आत ठेवली होती."

अध्यक्ष बाईंच्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं आणि गेलं. डॉक्टर मात्र अजून अहवालातच होते. "घरचं समजलं. पण तुम्ही पूर्ण वेळ नोकरी करता. लॅबमध्ये तर बसता-उठता ना? ते कसं जमतं?"

"जमत नाही. सकाळी बसते ती संध्याकाळी उठते."

"मध्ये?"

"मध्ये नाही उठत."

"दिवसभर?" डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "असं कसं? माणसाला नैसर्गिक विधी असतात."

शेजारी नवरा होता. बाजूला थेरपिस्ट तिच्याकडे बघत नव्हती, मुद्दामच खिडकीबाहेर बघत होती. आता मूठ उघडायची तर पूर्ण उघडायला हवी होती.

"मी पाणी पीत नाही, साहेब," ती म्हणाली. "घरून निघाल्यापासून घरी येईपर्यंत. गेल्या वर्षी मूत्रपिंडाचा त्रास झाला, दवाखान्यात ठेवलं, तो त्यामुळेच. त्याचे पैसे तुमच्याच कंपनीने दिले."

नवऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलेलं तिला दिसलं. तिने समोरच बघितलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, "ही खुर्ची मिळाली तर?"

"तर आसन वर घेऊन चौकट धरून उभी राहीन, आणि जाऊन येईन. तिथे घरच्यासारखी उंच बैठक बसवून घेईन. भट्टीपर्यंत माझा हात पोचेल. मला कुणाला पाठवावं लागणार नाही." मग तिने बाजूच्या गुबगुबीत खुर्चीकडे बघितलं. "आणि कुणी बसा म्हणालं तर बसलेलीच असेन."

अध्यक्ष बाईंनी निर्णय कळवू असं सांगितलं. पाहणी करणारा माणूस दारापर्यंत आला आणि दार धरून उभा राहिला, ती सावकाश बाहेर पडेपर्यंत.

गाडीत नवऱ्याने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. हात चाकावर ठेवून बसून राहिला.

"मी फिल्टर बदलला," तो म्हणाला.

"हो."

"तू बघत होतीस मी बदलताना."

"तुम्ही किती मन लावून बदलत होता. काय सांगणार?" तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "सांगितलं असतं तर तुम्ही मला कामाला जाऊ दिलं नसतं."

त्याने विचार केला. खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. "नसतं जाऊ दिलं," तो म्हणाला. मग खिशातून रुमाल काढून त्याने बराच वेळ नाक पुसलं. "जरा थांबू इथेच. अशा मनःस्थितीत मी कुणाला गाडी चालवू देत नाही."

ती दोघं तशीच बसून राहिली. येणारीजाणारी माणसं गाडीत डोकावून जात होती. धाकटीला अगदी हलकं वाटत होतं. निर्णय काय येईल ते तिला माहीत नव्हतं आणि त्या क्षणी त्याची फारशी पर्वाही नव्हती. इतकी वर्षं एकटीने वागवलेलं ओझं आता दोघांत होतं, आणि दोघांत आल्यावर ते निम्म्याहूनही कमी झालं होतं.

फोन आला तेव्हा ती एका निवृत्त गायिकेच्या समोरच्या दातांशी झगडत होती. बाईंना दातांमधली जुनी फट हवी होती. फट गेली तर आपला आवाज जाईल, असा त्यांचा हट्ट. धाकटीच्या हाताला मेण लागलं होतं, म्हणून मालकांनी फोन तिच्या कानाशी धरला.

पलीकडे अध्यक्ष बाईंच्याच कार्यालयातलं कुणी होतं. आधीचा निर्णय रद्द झाला होता. डॉक्टरांनी लिहून दिलेली खुर्ची, वर येणाऱ्या आसनासकट, मंजूर झाली होती. पलीकडचा माणूस पुढेही काही सांगत होता, कागद येतील, सही करा वगैरे. धाकटी "हो, हो" म्हणत राहिली. फोन बंद झाल्यावर ती तशीच बसली.

"नाही म्हणाले?" मालकांनी विचारलं.

"हो म्हणाले."

"मग असा चेहरा का करतेस?"

"दुसरा कुठला करायचा ते सुचत नाहीये," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. भर दिवसा, सगळ्यांसमोर. सगळे भोवती गोळा झाले. मालकांनी सगळ्यांना कामाला पिटाळलं आणि स्वतः मात्र तिथेच घुटमळत राहिले. थेरपिस्ट लॅबमध्ये येऊन गेल्यापासून ते दाराच्या पायरीकडे चोरट्यासारखे बघायचे. त्याच आठवड्यात गवंडी येऊन पायरीचा उतार करून गेला. मालक म्हणाले, माल आत आणायला सोपं जावं म्हणून केलाय. धाकटीने ते खरं मानून घेतलं. कुणाला थोडी लाज वाटत असेल तर ती झाकायला मदत करावी, इतकं तिलाही कळत होतं.

थोरलीला फोन केला तेव्हा थोरली म्हणाली, "बघ. मी सांगत नव्हते?" आणि नंतर बराच वेळ पलीकडून आवाजच आला नाही. थोरलीला असं गप्प झालेलं धाकटीने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

खुर्ची आली ती भल्यामोठ्या खोक्यातून. बसवणाऱ्या कारागिराने पाठीचा, पायांचा मेळ तिच्या मापाने जुळवून दिला, बटणं दाखवली आणि गेला. तो जाताच नवऱ्याने कंबर कसली. शिकवायचा त्याचा पेशाच.

"आधी आसन नीट कर. मग मागे बघ. मग सावकाश..."

"मागे बघायला आरसा आहे का याला?"

"मान वळवून बघ. वळताना वेग कमी. आणि समोरून कुणी आलं तर..."

धाकटीने बटण दाबलं. आसन घरघरत वर यायला लागलं. ती वर येत गेली, येत गेली, आणि नवऱ्याच्या डोळ्यांसमोर तिचे डोळे येऊन थांबले. लग्नाच्या वेळी ती त्याच्या बरोबरीची होती. अलीकडे तो तिला नेहमी वरूनच बघत आला होता, आणि हे दोघांच्याही लक्षात आलेलं नव्हतं. तो शिकवायचं विसरला.

"पुढचं सांगा ना, गुरुजी," ती म्हणाली.

"पुढचं काही नाही," तो म्हणाला. "जमतंय तुला."

पहिले काही दिवस तो तिच्याबरोबर चालत राहिला. दुकानाशी, वळणाशी, फुटपाथच्या कडेला त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. धाकटी ते बघायची आणि खुर्ची पुढे काढायची.

मग एका सुट्टीच्या दुपारी तो जेवून आडवा झाला होता, तेव्हा ती बाहेर पडली. काही आणायचं नव्हतं. रस्ता उन्हाने उजळला होता. कोपऱ्यावरच्या घड्याळजीच्या दुकानाशी ती थांबली, काचेतली सगळी घड्याळं निवांत बघितली. पुढे गेली. एका गल्लीत ती कधी गेलीच नव्हती, कारण तिथे टेकायला भिंत नव्हती, नुसती झुडपांची कुंपणं होती. ती त्या गल्लीत शिरली. गल्ली पुढे एका मैदानाशी संपत होती. तिथे कुणीतरी पतंगाचा गुंता सोडवत होतं, एक म्हातारा कुत्र्याला ओरडत होता आणि कुत्रं ऐकत नव्हतं. धाकटी हे सगळं बघत राहिली, कुठल्याही कामाशिवाय, कुणी सोबत नसताना, हवं तितका वेळ.

ती परतली तेव्हा उन्हं कलली होती. नवरा फाटकाशी उभा होता, पायात एक चप्पल तिची आणि एक त्याची.

"कुठे होतीस?"

"कुठेच नाही. हिंडत होते."

"सांगून तरी जायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही बरोबर आला असता."

तो फाटक पूर्ण उघडून बाजूला झाला. "काय बघितलंस?" त्याने विचारलं.

"खूप काही," धाकटी म्हणाली आणि आत येता येता सांगू लागली.